भिंतीपलीकडचा ठेका

अँप्लिफायरच्या पाठीमागचं भोक मी स्वतःच्या हाताने लांबी भरून बुजवलं. सुताराकडून मागून आणलेली लांबी, चाकूने सारखी केलेली, आणि वाळल्यावर वरून काळा रंगसुद्धा दिलेला. कारण त्या भोकातून एकदा झुरळ निघालं होतं, तेही भर मांडवात, नवरीच्या आत्याच्या दिशेने. पुढे माझं आणि बायकोचं सगळं नशीब ज्या एका भोकावर येऊन अडलं, ते हेच.

मी दिवसभर सुताच्या दुकानात बाचकी तोलायचो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. उभं राहून, केस उडवून वाजवतात ती नव्हे. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी सळी घसरवत वाजवतात ती. जोडीला सरावाचा एक जुना अँप्लिफायर, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याहून थोडा मोठा. गल्लीत या सगळ्यामुळे मला मास्तर म्हणत. दुकानात कोणी म्हणत नसे.

आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग होते. बुऱ्हाणपुरात ही काही सांगायची गोष्ट नाही. कुणाच्या ना कुणाच्या भिंतीपलीकडे ते असतातच. पण आमची भिंत एका विटेची होती. फळीवरचे पेले रात्रंदिवस एकमेकांना टेकून किणकिणत. आम्ही नवरा-बायको साधं 'मीठ दे' म्हणायचं तरी भांडल्यासारखे ओरडायचो. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, चुकीच्या वेळी आलो. बायकोचं डोकं दुपारपासून ठणकायला लागे. डोक्याला फडकं बांधून ती भाकऱ्या थापायची, आणि दुकानातून आलेला मी तिच्याकडे न बघता हात धुवायचो. बघून करणार काय?

अशात शाहपुरच्या पुढे, केळीच्या बागांमधल्या एका निवासी शाळेत संगीत शिक्षक हवा असल्याचं कळलं. आधी वादनाची कॅसेट आणून ऐकवा, मग बघू, असा निरोप होता. पगार बेताचा, पण राहायला आवारातच दोन खोल्या. बायको एका लग्नाला त्या बाजूला जाऊन आलेली होती.

"तिथं दुपारी केळीचं पान हललं तरी ऐकू येतं," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "अहो, ही कॅसेट तेवढी नीट करा. माझं दुसरं काही मागणं नाही."

मी मेहुण्याचा टेपरेकॉर्डर आणला आणि त्याचा माइक अँप्लिफायरसमोर धरून रेकॉर्डिंग केलं. ऐकलं तर सगळे माग स्वच्छ, आणि त्यांच्या मागे कुठेतरी लांब एक गिटार. जसं काही मागांचीच मुलाखत होती आणि मी पार्श्वसंगीताला.

लाइट गेली की माग बंद पडत. गल्ली एकदम अशी शांत होई की माणसं घाबरून दारात येत. पण लाइट गेली की अँप्लिफायरही बंद, आणि त्याच्याशिवाय माझी गिटार म्हणजे नुसती फळी. टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. त्याला ऐकवायला काही नसायचं. आठवड्याच्या सुट्टीला माग थांबत, तर तेवढं बघूनच वीजवाले तारा दुरुस्तीला काढत. म्हणजे शांतता होती तेव्हा करंट नव्हता, आणि करंट होता तेव्हा शांतता नव्हती.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आवाज हवेत सोडायचाच कशाला? अँप्लिफायरमधून वायर काढायची ती सरळ टेपच्या पोटात. मध्ये हवा नाही, भिंत नाही, माग नाही. मी अँप्लिफायर उघडला, स्पीकरच्या दोन टोकांना वायर जोडली आणि दुसरं टोक टेपच्या माइकच्या भोकात घातलं. पहिल्याच सुराला टेपची सुई उजवीकडे जाऊन आपटली आणि जो काही आवाज भरला गेला तो ऐकून बायको आतून म्हणाली, "गव्हाची चक्की आणली का?" मेहुण्याचा टेप वाचला, एवढंच. जळका वास दोन दिवस होता. तो मी उदबत्तीवर ढकलला.

मी हात टेकले. बायको मात्र अँप्लिफायर उलटा करून बघत होती.

"अहो, तुम्ही झुरळासाठी बुजवलं ते कशाचं भोक होतं?"

ते हेडफोनचं भोक होतं. म्हणजे नेमकं तेच, आवाज वायरीने गुपचूप बाहेर न्यायचं. लांबी उकरायला तिने स्वतःच्या केसातली पिन दिली. उकरताना वरचा काळा रंग इतका सफाईने दिलेला दिसला की मला माझंच कौतुक वाटलं.

त्या भोकातून वायर टेपला दिली. अँप्लिफायरचा आवाज अगदी बारीक ठेवला, तीक्ष्णपणा काढून टाकला, म्हणजे फाटणं थांबलं. एकच पंचाईत झाली. हेडफोनच्या भोकात वायरीची पिन गेली की स्पीकर मुका होतो. त्यामुळे मी वाजवत असताना मला माझं काहीच ऐकू येईना. समोर टेपची सुई हलतेय, म्हणजे मी वाजवतोय, असं समजायचं. भिंत नेहमीप्रमाणे खटखटत होती. दुकानातून दमून आलेला माणूस, पाठ भिंतीला टेकलेली. मी डोळे मिटून सगळी भजनं आणि धुनी वाजवून काढल्या.

मग माग चालू असतानाच आम्ही टेपला कान लावून कॅसेट ऐकली. नुसती गिटार. एक खट नाही. बायको माझ्याकडे बघून हसली. ती अशी हसल्याला बराच काळ झाला होता.

शाळेत आम्ही दोघं गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी मला आत बसवलं आणि बायकोला शिपायाबरोबर त्या दोन खोल्या दाखवायला पाठवलं. कॅसेट लागली. खोलीत इतकी शांतता होती की बाईंच्या मनगटावरचं घड्याळ मला ऐकू येत होतं.

पहिलं भजन ठीक निघालं. दुसऱ्यात मी हळूहळू मंदावत गेलो, चढावर बैलगाडी मंदावते तसा, आणि मग एकाएकी धावत सुटलो. असं का, ते बाकी कुणाला कळणं शक्य नव्हतं, पण मला कळलं. संध्याकाळी घराघरात दिवे लागले की आमच्या गल्लीत व्होल्टेज पडायचं, माग जड पावलं टाकायचे, व्होल्टेज परत आलं की धावत सुटायचे, आणि त्यांच्याबरोबर मीही. इतकी वर्षं भिंतीला पाठ लावून सराव केलेला. माझा ताल माझ्याजवळ नव्हताच, तो भिंतीपलीकडे होता. आता कॅसेटमधून माग तेवढे गेले होते आणि त्यांच्यामागून धावणारा मी उरलो होतो.

पुढे एका ठिकाणी मी एकच सूर धरून बराच वेळ थांबलो.

"इथं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"धागा तुटला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"गिटारला?"

"नाही. म्हणजे... शेजाऱ्यांचा. माग थांबला होता."

बाईंनी चष्मा काढला. "असं करा, समोरच वाजवून दाखवा."

गिटार आणि अँप्लिफायर मी नेलेच होते. सळी तारांवर ठेवली आणि त्या शांततेत पहिला सूर कुठे टाकायचा तेच मला समजेना. पायाने ठेका धरायला गेलो तर पाय माझ्या तोंडाकडे बघायला लागला. अंधारात जिना उतरावा तसा मी वाजवत होतो, दर पायरीला अजून एक असेल की नसेल. खिडकीतून समोरच्या ओसरीवर बायको दिसत होती. शिपाई तिला मोरी दाखवत होता आणि ती नळ सोडून बघत होती.

"हात गोड आहे तुमचा," बाई म्हणाल्या. चांगल्या होत्या. "पण आम्हाला मुलांना ताल शिकवायचाय हो."

बसमध्ये मी बायकोला सगळं सांगितलं, अंधारातल्या जिन्यासकट; ती खिडकीबाहेर बघत राहिली. केळीच्या बागा संपल्यावर एवढंच म्हणाली, "खोल्यांना उजेड चांगला होता." मी अँप्लिफायर मांडीवर धरून बसलो. त्याला दोन्ही हातांनी धरण्यासारखं काही नव्हतं, पण हातांना दुसरं काम नव्हतं.

गल्लीत शिरलो तर शेजारी, मागांचा मालक, दारात खाट टाकून बसलेला.

"काय मास्तर, झालं का काम?"

मी 'बघू, कळवणार आहेत' म्हणायच्या आत बायकोने त्याला सगळं सांगून टाकलं. व्होल्टेज, धागा, जिना, काही ठेवलं नाही. तो खाटेवर आडवा पडून हसला. मग कॅसेट लावाच म्हणून हटून बसला. आत जाऊन त्याने सगळे माग थांबवले. सुट्टी नसताना आणि लाइट असताना, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मला ते आधी मागायचं सुचलं नव्हतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिलाही आत्ताच सुचलं होतं.

दारातच टेप लावला. तो कान देऊन ऐकत होता, मुलाचा निकाल ऐकावा तसा.

"हा बघा, हा माझा कोपऱ्यातला! तो असाच लंगडत चालते... हां, इथं तुटला धागा... आता जोडला. जोडला ना?"

"जोडला," मी म्हणालो.

कॅसेट संपली. त्याने उठून बटण दाबलं, आत माग चालू केले, फळीवरचे आमचे पेले किणकिणू लागले. दारात परत येऊन तो त्या आवाजावर ओरडून म्हणाला,

"मास्तर, याच ठेक्यावर माझं रोज कापड निघून राह्यलं. तुमचं काय निघालं?"