गाठ चमकली पाहिजे

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी साठतात. डीप फ्रीझरमध्ये अँटिबॉडीज आणि चहाच्या टेबलावर किस्से. अँटिबॉडीजना निदान एक्स्पायरी डेट असते! किस्से मात्र सांगणाऱ्यागणिक ताजे होतात. एकेका रिझल्टला महिनोन् महिने लागतात, मग मधल्या वेळात माणसांनी करायचं काय?

लॅब तुर्भ्याला, कारखान्यांच्या रांगेत. एका बाजूला बिस्किटवाले, दुसऱ्या बाजूला ट्रकचं गॅरेज, मधे आम्ही कॅन्सरवाले. काम थोडक्यात असं: कॅन्सरच्या गाठीला वाढायला रक्त लागतं, म्हणून ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. नेमकी त्या नव्या वाहिन्यांना जाऊन चिकटेल अशी अँटिबॉडी आम्ही बनवतो. तिला किरणोत्सर्गी टॅग लावला की स्कॅनवर गाठ चमकते. टॅगच्या जागी जहाल औषध लावलं की गाठीची रसद तुटते. हे सगळं कागदावर! आमच्या प्रमुख म्हात्रे मॅडमनी अकरा वर्षं यात घातली. शेवटी वरच्या कमिटीने सांगून टाकलं, पहिल्या पेशंटची गाठ चमकली तर पुढे बघू, नाही तर प्रोजेक्ट बंद.

*

गेटवर पाटीलदादा असतात. इथल्याच गावचे. शेती गेली, उरलेल्या जागेवर चार मजले उभे केले, भाडं आमच्या सगळ्यांच्या पगारापेक्षा जास्त येतं. पण घरी बसून कंटाळा येतो म्हणून वॉचमनची नोकरी!

एकदा मी त्यांना आमचं काम समजावलं. दादा लगेच म्हणाले, "म्हंजे बिनपरवान्याचा बांधकाम! आधी चोरून पान्याची लाईन घेवाची, मंग मजले चढवाचे. तुमी ती लाईन हुडकून नोटीस लावताव."

मॅडम इतक्या खूश झाल्या, की त्यांनी कमिटीच्या प्रेझेंटेशनमध्ये हीच पहिली स्लाइड केली. मुद्दाम गेटवर जाऊन दादांना सांगितलंसुद्धा. दादा जरा विचारात पडले.

"पन मॅडम, माझे बिल्डिंगला नोटीस लागून नव वर्सा झाली. पाचवा मजला चढवतंय आता!"

मॅडमनी स्लाइड काढून टाकली.

*

सुरुवातीची काही वर्षं आमची अँटिबॉडी गाठीकडे फिरकायचीच नाही. उंदराला टोचली की थेट लिव्हरमध्ये. डोस बदला, टॅग बदला, उंदीर बदला, मुक्काम लिव्हरलाच! आम्ही तिचं नाव 'जावईबापू' ठेवलं होतं. कुठेही पाठवा, शेवटी सासुरवाडीलाच जाऊन बसणार.

त्याच काळात मी नवा होतो. उंदराच्या शेपटीत एक बारीक शीर असते, तिच्यात इंजेक्शन द्यायचं. माझी सुई शिरेच्या बाहेर गेली आणि सगळा डोस शेपटीतच राहिला. स्कॅनवर उंदीर काळाकुट्ट, शेपूट मात्र लखलखती! मॅडमनी चष्मा लावून बराच वेळ चित्र पाहिलं.

"शिंदे, गाठ शेपटीला होती का?"

"नाही मॅडम."

"मग लिव्हर सोडून दुसरीकडे पाठवल्याबद्दल अभिनंदन!"

*

टॅगचा पदार्थ परदेशातून येतो, विमानाने. साडेतीन दिवसांत त्याचा किरणोत्सर्ग निम्मा होतो, आपोआप. त्यामुळे कस्टम्समध्ये अडकला की आमची धावाधाव. आमचा क्लिअरिंग एजंट सगळी हयात न्हावा शेव्याच्या कंटेनरांत घालवलेला. त्याला तीन दिवस म्हणजे चहा प्यायचा वेळ!

एकदा पार्सल चार दिवस पडून राहिलं. मॅडमनी फोन केला, "अहो, निम्म्याहून जास्त माल गेला!"

एजंट धावत आला. डबा उलटसुलट करून बघितला, सील तपासलं, वजनकाट्यावर ठेवलं. वजन कागदावरच्या वजनाइतकं. मग त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, माझ्या गोडाऊनमधून एक ग्रॅम हललेला नाही. चोरी झाली नाही, असं लेखी देतो!"

आणि दिलं. ते पत्र आम्ही फ्रेम करून ठेवलंय.

*

स्कॅनर चालवणारे सावंत साताऱ्याकडचे. किरणोत्सर्गात काम करणाऱ्या प्रत्येकाला अॅप्रनवर एक बॅज लावावा लागतो. अंगावर किती डोस पडला ते त्यावरून कळतं. सावंत गावच्या जत्रेला म्हणून पंधरा दिवस रजेवर गेले, आणि त्या वेळी लॅबमध्ये सगळ्यात जास्त डोस निघाला सावंतांच्या बॅजवर!

चौकशी बसली. निष्पन्न असं झालं, की सावंत रजेवर होते, पण त्यांचा अॅप्रन बॅजसकट खुंटीवर होता. आणि खुंटीच्या भिंतीपलीकडे आमचा किरणोत्सर्गी कचरा.

खुंटी हलवा, एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. पण रिपोर्टचा शेवट असा होता: "कर्मचाऱ्याने रजेच्या काळात अधिक काळजी घ्यावी."

सावंत आता रजेचा अर्ज देताना विचारतात, "मॅडम, काळजी घेऊन जाऊ की इथंच ठेवून जाऊ?"

*

शेवटी पहिला पेशंट मिळाला. बेलापूरकडच्या खाडीकाठच्या गावातल्या पारूकाकू. वय पासष्ट, उजव्या किडनीत गाठ, ऑपरेशन जमण्यासारखं नाही. सोबत त्यांचे यजमान, सत्तरीचे, कायम काकूंची पिशवी छातीशी धरून बसलेले.

संमतिपत्र बावीस पानांचं. नियमाप्रमाणे मी सगळं वाचून दाखवलं. अँटिबॉडी, टॅग, धोके, हक्क, विमा. तासभर लागला. काकू मान डोलवत होत्या. शेवटी म्हटलं, "काकू, काही विचारायचंय?"

"बाला, सुई कितींदा टोचनार?"

बावीस पानांत ते कुठेच नव्हतं.

"एकदाच," मी म्हटलं.

"मंग येवरा कित्याला वाचलास रं?" म्हणत त्यांनी सही केली.

*

सोमवारी काकूंना इंजेक्शन दिलं. अँटिबॉडी अंगात हळूहळू फिरते, म्हणून स्कॅन शुक्रवारी. काचेपलीकडे टेबलावर काकू, अलीकडे आम्ही पाचजण. गाठ चमकली तर त्याच अँटिबॉडीला औषध जोडून काकूंना देता येणार होतं. नाही चमकली तर काकूंना घरी पाठवायचं आणि लॅबला कुलूप.

चित्र डोक्याकडून खाली उमटत गेलं. मान काळी. छाती काळी... आणि डाव्या बरगडीवर एक ठिपका. मग मणक्यात एक. मग उजवी किडनी, लख्ख!

"लागली!" सावंत ओरडले.

मॅडमनी जुना सीटी स्कॅन शेजारी लावला. त्यात गाठ एकच होती, किडनीतली. बाकीच्या दोन कोणाला माहीतच नव्हत्या. आमच्या अँटिबॉडीने शोधून काढल्या!

आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा, अगदी जोरात. मॅडम सावंतांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या आणि हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

दार उघडलं. काकू पदर सावरत बाहेर आल्या. काचेतून त्यांनी सगळं पाहिलं होतं. सरळ मॅडमजवळ गेल्या, त्यांच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"मना वाटलाच व्हता! डाक्टर टाल्या वाजवतान, म्हंजे काय नाय निंगाला!"

मॅडमनी घाईघाईने डोळे पुसून काकूंचा हात धरला. काकू वळून दाराकडे बघत ओरडल्या, "ओ, ऐकलाव का? पेढं आना!"

मी बाहेर धावलो. बाकावर पिशवी होती. लिफ्टची वाट न बघता काका जिन्याने खाली गेले होते.