सोनगीरहून आलेली आनंदाची बातमी

आता काय सांगू तुम्हाला! माणूस एका दिवसात एकदा फजित होतो. मी दोनदा झालो, तेही दोन्ही वेळा अगदी आत्मविश्वासाने. घ्या, चहा घ्या, थंड होतोय. सांगतो.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. आम्ही जळगावात भाड्याच्या घरात राहायचो. मी, आई, माझी बायको मंदा आणि धाकटी बहीण सुनंदा. सुनंदाच्या लग्नाचं बघत होतो. सोनगीरचं एक स्थळ आलं. मुलगा वरणगावला फॅक्टरीत नोकरीला. आईवडिलांबरोबर येऊन सुनंदाला पाहून गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं ते असं, की आम्ही बाकीचे खोलीत उगाचच बसलोय असं वाटावं. मी तिथल्या तिथे ठरवलं, हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही. काही झालं तरी!

आठ दिवसांनी मुलाच्या वडिलांचं कार्ड आलं. ‘रविवारी आमच्याकडचे दोन जण निरोप घेऊन येतील.’ बस, एवढंच.

कोण दोन जण? नाव नाही, गाव नाही, वेळ नाही! मंदा म्हणाली, “आल्यावर कळेल ना. पण तुम्ही आधी विचारा, कुठून आलात. घाई करू नका.”

मी आणि घाई? छे!

रविवारी सकाळपासून बासुंदी आटत होती. दहाच्या सुमारास कडी वाजली. मी असा झेपावलो की स्टूल आडवं झालं. दारात साठीचे एक गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत पिशवी. सोबत त्यांच्याच वयाच्या बाई, सुती साडी, चेहऱ्यावर गोड हसू.

“नमस्कार,” गृहस्थ म्हणाले, “आम्ही तुमच्यासाठी एक आनंदाची बातमी घेऊन आलोत.”

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

“या, या! आत या! आठ दिवसांपासून वाट बघतोय आम्ही!”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आज कळतं, घरोघर फिरून देवाचं सांगणारी माणसं ती. इतक्या वर्षांत त्यांना असं कोणी म्हटलं नसेल. लोक त्यांना बघून दिवे मालवत असतील, आणि इथे मी त्यांची पिशवी काखेतून ओढून घेतोय!

दोघं जरा अवघडून बसले. बाई म्हणाल्या, “आम्हाला पित्याने पाठवलंय.”

भाषा जरा पुस्तकी वाटली. पण म्हटलं, सोयरिकीचं बोलायला आलेली माणसं, तोलूनमापूनच बोलणार.

“हो, हो. ते स्वतः नाही आले?”

“ते सगळीकडेच असतात,” गृहस्थ म्हणाले.

मी मान डोलावली. शेती मोठी आहे हे ऐकलंच होतं.

“आम्हाला त्यांच्या पुत्राविषयी दोन शब्द बोलायचेत.”

“अहो, बोलायचं काय? पुत्र आम्हाला पसंत आहे!”

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. “इतक्या लवकर?”

“एकदाच पाहिलं, पण मनात भरला बघा.”

“पाहिलंत?” गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. “कुठे पाहिलंत?”

“इथेच! तुम्ही बसलात ना, त्याच खुर्चीत. पोहे खाल्ले की.”

“पोहे?”

“दोनदा मागून घेतले!”

गृहस्थ हळूच खुर्चीच्या कडेला सरकले. मी विषय पुढे नेला.

“तुमची काही मागणी?”

“काही नाही. तो फक्त तुमचं मन मागतो.”

आत आई पदराने डोळे पुसायला लागली. अशी माणसं राहिलीत कुठे हो!

“आणि तारीख?”

“ती कोणालाच ठाऊक नाही. आपण फक्त तयारीत राहायचं.”

“असं कसं? अहो, मंगल कार्यालय बघावं लागतं! आचारी सांगावा लागतो!”

तेव्हा बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. मला वाटलं, याद्या करायची वही. उघडली. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. कानापासून गळ्यापर्यंत तापलो. मग मान खाली घालून खरं काय ते सांगून टाकलं.

माणसं भली हो! रागावली नाहीत. बाई तर तोंडाला रुमाल लावून इतक्या हसल्या, की मंदाने पाणी आणून दिलं. बासुंदी खाल्ली, सुनंदाला आशीर्वाद दिला, पुस्तक ठेवून गेले.

ते गेल्यावर मंदाने माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं! सुनंदा आत जाऊन बसली. मी गंजीफ्रॉकवरच येरझाऱ्या घालायला लागलो. मनाशी पक्कं केलं, आता बस. पुन्हा कोणी दारात येऊन मला बनवू दे, बघतोच!

तासाभराने कडी वाजली. दार बोटभर उघडलं. धोतर-टोपीतला म्हातारा, बाजूला फेटेवाला. आणि काखेत काय? पिशवी!

“राम राम,” म्हातारा म्हणाला. “चांगली बातमी लई उनूत.” पुन्हा तेच, बातमी घेऊन आलोत!

“आमच्याकडे आत्ताच येऊन गेले,” मी म्हटलं.

“कोन?”

“तुमचेच दोघं. पुस्तकही ठेवून गेले.”

म्हातारा फेटेवाल्याकडे बघायला लागला. “आमना? आरे भाऊ, आम्ही सोनगीरना शेतस. पोऱ्याना—”

“हे बघा आबा, पिता, पुत्र, सगळं ऐकून झालंय! आम्ही आहोत तसे सुखी आहोत. नको आम्हाला पुत्र!”

धाड! दार बंद. कडीसुद्धा घातली. छाती काढून आत गेलो.

“कोण होतं?” आईने विचारलं.

“तसलेच. एका म्हाताऱ्याला पाठवलं होतं. या वेळी मी फसलो नाही! सोनगीर-बिनगीर काहीतरी म्हणत—”

पुढचा शब्द तोंडातच राहिला. आईच्या हातातली पळी खाली पडली. आतल्या दारात सुनंदा उभी होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

मग मी पळालो. पायात चप्पल नाही, अंगात शर्ट नाही. थेट एस.टी. स्टँड! सोनगीरला जायला धुळ्याचीच गाडी, ती निघायच्या बेतात, आणि खिडकीत ती टोपी. चढलो. दार लागलं, गाडी सुटली.

आता बोलायचं कसं? ज्याला ऐकायचंच नाही, त्याच्याशी पहिला शब्द काय बोलायचा हो? त्या दोघांना हे रोज कसं जमत असेल! माझ्या तोंडून निघालं, “आबा, दोनच मिनिटं ऐका!”

“काही नको आमले,” म्हाताऱ्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

पण मी हटलो नाही. दांड्याला लोंबकळत सगळं सांगितलं. बातमी, खुर्ची, पोहे, सगळं! गाडीतली माणसं मान वळवून ऐकायला लागली. मागच्या बाकावरच्या अक्का म्हणाल्या, “जरा मोठ्यानं सांग रे, आठे ऐकू येत नही.” पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कंडक्टरने तिकिटाचं विचारलं. माझा खिसाच नव्हता. फेटेवाला म्हणाला, “याचं बी एक फाड, एरंडोलचं.”

पोह्यांपाशी म्हाताऱ्याची टोपी हलायला लागली. पुत्र नको म्हटलं तिथे ते गदागदा हसले. “म्हंजे आमले तू धरमवाला समजना?”

ते मुलाचे चुलते, घरात त्यांचाच शब्द चालायचा. त्यांना सगळे नाना म्हणायचे. वाटेत एरंडोलला नाना माझ्याबरोबर उतरले. परतीच्या गाडीने आमच्या घरी आले, सुनंदाच्या हातात स्वतः नारळ दिला. लग्न ठरलं!

निघताना मला बाजूला घेतलं. “पोर आमले पसंद शे. घर, मानसं, बठ्ठं पसंद शे. फक्त एक काम कर. लगनना दिन मांडवना दारशी तू उभा ऱ्हाऊ नको.”

मान्य केलं. सख्ख्या बहिणीच्या लग्नात वऱ्हाडाच्या स्वागताला मंदाचा भाऊ उभा राहिला, आणि मी मागे चुलाणाजवळ वांगी चिरत बसलो. धुळ्याहून आलेल्या आचाऱ्याला माझी दया आली.

“तुमी कोनाकडचे, भाऊ?”

“मुलीचा सख्खा भाऊ.”

त्याने झारा खाली ठेवला. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मांडवाकडे तोंड करून ओरडला, “आरे, इकडे या रे बठ्ठा! ते दार लावनारे आठेच बसेल शेतस!”