जुडी धरणारीला इंग्रजीत काय म्हणतात

इंग्रजी शब्द वाढवायचे क्लास निघाले आहेत. पूर्वी लोक ढोरं वाढवत, आता शब्द वाढवतात. ढोरं निदान शेण तरी देत. माझी नात अमरावतीत अशाच एका क्लासला जाते. रोज नवे शब्द पाठ करायचे अन् घरच्या कोणाला तरी शिकवायचे, असा तिथला नियम. आईबापाला फुरसत नाही. मग ती रोज संध्याकाळी अकोल्याला आजीला फोन लावायची.

जठारपेठेत आमची भाजीची गाडी. बायको फोन कान अन् खांद्यात दाबून मेथीची जुडी धरायची, मी सुतळी बांधायचो. आज 'डिलिशस' शिकली की उद्या गिऱ्हाइकाला म्हणे, "घ्या बाई, डिलिशस वांगे."

मी म्हणायचो, "वांग्याले चव असंल त इंग्रजी कायले पायजे?"

"तुमचं तोंड त मराठीतबी कडूच हाये," ती म्हणे.

या उन्हाळ्यात ती गेली. तेरवी झाली, सोयरे गेले. फोन माझ्या खिशात असतो, पण संध्याकाळी वाजेना. सुतळीचं टोक आता मी दातात धरतो. जुडी सुटते, मेथी पसरते.

एका संध्याकाळी मीच फोन लावला.

"आबाजी? काय झालं?"

"काही नाही. क्लास बंद पडला काय तुहा?"

"नाही. पण तुमी त म्हणता, इंग्रजी म्हणजे निस्ता भुसा."

"भुसाच हाये. मले एक सांग, समोर बसून जुडी धरून ठेवते, त्या माणसाले काय म्हणतात तुया इंग्रजीत?"

"असिस्टंट," ती म्हणाली.

"असिस्टंट मी होतो. दुसरा सांग."

"उद्या पाहून सांगते."

दुसऱ्या दिवशी तिनं 'पार्टनर' आणला. म्हटलं, पार्टनर धंद्यात असते अन् शेवटी कोर्टात भेटते. मग 'कलीग' आला. हा कोणता आजार, मी विचारलं. एवढा मोठा क्लास, भिंतभर बोर्ड, अन् मास्तरच्या पोतडीत कामाचा एक शब्द नाही.

काल तिनं 'कम्पॅनियन' आणला. अर्थ विचारला.

"जो संग राहते, आबाजी. काम करताना, जेवताना, कुठंबी. सोबती."

हातातली मेथी मी खाली ठेवली. शब्द बरोबर होता. बायकोनं तर दुसऱ्याच दिवशी तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकला असता.

पण बरोबर म्हटलं, तर पोरगी उद्या फोन कशाला करते?

"हाबी नाही चालत," मी म्हटलं. "पुचाट हाये."

"तुमाले काहीच पटत नाही."

"नाही पटत. उद्या दुसरा आन."