व्हॉल्व्हच्या सेटचं गिऱ्हाईक

केडगावच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात रविवारी आम्हा रेकॉर्ड ऐकणाऱ्यांचा वाद चालायचा: आवाज काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या सेटचा गोड की नव्या ट्रान्झिस्टरचा? तिथे श्रीगोंद्याकडचा एक धोतरवाला येऊ लागला. नाव त्याने कधी सांगितलं नाही. तपकिरीची चिमूट धरून म्हणायचा, "दोन्ही सारखंच वाजतंय. जुना सेट मला इका सायेब, नवा घ्या."

मला संशय आला. फरक कळत असूनच हा माझा व्हॉल्व्हचा सेट लाटायला बघतोय. एकदा मी सेट दुकानात नेला. तो आणि दुकानातला ट्रान्झिस्टरचा सेट, दोन्ही पडद्यामागे ठेवले. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, त्यावरून ओळखता येऊ नये म्हणून तेही आधीच तापवले. दुकानदार आलटूनपालटून तीच रेकॉर्ड वाजवू लागला. माझा सेट लागला की हा दरवेळी म्हणे, "ह्यो तुमचा."

"सापडलात! कळतो की फरक!"

"मला कुठं कळतोय? तुमचा सेट लागला की तुमच्या पायाचा आंगठा हलतोय."

सगळे हसले. तो हसला नाही. "आता इकू नका," एवढंच म्हणाला.

सेट मी विकला नाही. तो खरं बोलला का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्याच्यासमोर मी पुन्हा कधी गाणं ऐकायला बसलो नाही.