तांब्याच्या तारेचा गळ

अमरावतीत मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून वॉर्निशचा वास आला, की मी मनाने लहानपणीच्या पूर्णा नदीच्या काठावर जाऊन उभा राहतो.

गळ तळापर्यंत बुडावा म्हणून थोरली ताई त्याच्या दांडीवर पंपाच्या जळक्या मोटारीतली, वॉर्निशचा वास येणारी तांब्याची तार गुंडाळत होती. वर, माशाला किडा वाटावा म्हणून, दोऱ्याने बांधलेले कोंबडीचे करडे पीस. काका म्हणाले, "बाईनं बांधल्या गळाले मासा लागत नाई."

"मासा काय बांधणाऱ्याचं नाव इचारते काय, काका?" ताई म्हणाली.

काकांनी मला दुसरा गळ बांधायला सांगितले. मला तो साधेना, म्हणून मी गुपचूप ताईचाच लावला. तासाभरात हातभर मासा लागला.

"गळ तुयाच हातचा ना रे?" काकांनी कौतुकाने विचारले. ताई माझ्याकडे पाहत होती. मी "हो" म्हणालो.

ती रडली नाही. तिने गळावरचा दोरा दातांनी तोडला, तार उलगडून माझ्या तळहातावर ठेवली आणि काकांदेखत म्हणाली, "मंग आता पुन्हा बांधून दाखव."

मी तार गुंडाळून पाहिली; ती सुटतच गेली. आज घरात कोणी काकांचे ते बाईच्या गळाबद्दलचे वाक्य उच्चारले, की मी हळू, पण सर्वांना ऐकू जाईल असे सांगतो: तो गळ ताईने बांधला होता. मला अजूनही बांधता येत नाही.