तिसऱ्या इंजेक्टरचा आवाज

लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा सासऱ्यांशी माझं बोलणं फारसं होत नसे. मी हळू बोलणारी, आणि ते बहुतेक वेळा गप्प. मी काही विचारलं की ते मान हलवत, कधी "हो" म्हणत, कधी नुसतेच पेपरात डोकं घालून बसत. नवरा आईवर गेलाय आणि त्याच्या वडिलांना मी फारशी आवडलेली नाही, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती. सासूबाई मात्र दिवसभर खणखणीत आवाजात बोलत. त्यांचं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत जाई.

मी दिंडोरीच्या कॉलेजात शिकवते. नवरा कंपनीच्या कामाने महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी असतो, त्यामुळे सासऱ्यांची जुनी पेट्रोलची गाडी माझ्याकडे आली. सासरे तंत्रशाळेत मोटारीचं काम शिकवायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची गावभर गॅरेजेस आहेत, पण आपल्या गाडीचं बॉनेट दुसऱ्या कुणी उघडलेलं त्यांना चालत नसे.

एका थंडीत गाडी कुरकुरायला लागली. सिग्नलला उभी केली की थरथरायची. म्हसरूळच्या पुढे चढ लागला की दम लागल्यासारखी मागे मागे राहायची. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मी हाताने स्टिअरिंग धरल्याचा अभिनय करून दोन्ही हात थरथरवून दाखवले. ते लगेच उठले.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी अंगणात घेतली. प्लग काढून पाहिले, पुसले, परत बसवले. फरक पडला नाही. मग ते म्हणाले, "इंजेक्टर बघू." इंजिनाच्या प्रत्येक नळकांड्यात पेट्रोलचा बारीक फवारा सोडणारा एकेक इंजेक्टर असतो, असे या गाडीत चार. चालू असताना प्रत्येक जण घड्याळासारखा टकटक करतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. टकटक आली तर तो उघडझाप करतोय, नाही आली तर तिथे काहीतरी बिघडलंय.

इंजिन चालू ठेवून ते वाकले. पहिल्यावर टोक टेकवलं, बराच वेळ ऐकलं. मग दुसरा, तिसरा, चौथा. पुन्हा पहिला. मग सरळ उभे राहून म्हणाले, "चारही गेलेत."

मी शेजारीच उभी होते. जवळ जाऊन मोठ्याने म्हटलं, "बाबा, चारही गेले असते तर गाडी चालू कशी राहिली असती?"

हे त्यांना ऐकू गेलं. ते चालू इंजिनाकडे बघत राहिले. मी बोलून गेले खरी, पण त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, नसतं बोलले तर बरं झालं असतं. आयुष्यभर मुलांना हीच तपासणी शिकवलेला माणूस. त्यांना काय झालंय ते मला कळलं आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं.

थोड्या वेळाने त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "ओढणी काढून ठेव, पट्ट्यात अडकेल. केस बांध. आणि इकडे ये."

टोक त्यांनी टेकवलं, मूठ मी कानाला लावली. आत इतकं काही चाललेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. इंजिनाची घरघर, आणि तिच्यावर स्वच्छ, घाईघाईची टकटक. मी मान डोलावली. दुसऱ्यालाही डोलावली. तिसऱ्याला नुसती घरघर होती. मी डोळे मिटून पुन्हा ऐकलं आणि मान नकारार्थी हलवली. चौथा पुन्हा व्यवस्थित बोलत होता.

"तिसरा? नक्की?"

मी तीन बोटं दाखवली.

त्यांनी इंजिन बंद केलं, इंजेक्टरवरचे कनेक्टर काढले आणि मल्टिमीटर लावला. चारही जणांचा आकडा जवळजवळ सारखाच आला. आता त्यांच्या आवाजात शिकवण्याचा सूर उतरला. "म्हणजे याच्या आतली गुंडाळी शाबूत आहे. हा बिचारा चांगला आहे. याच्यापर्यंत वीजच पोचत नाहीये." मग तिसऱ्याच्या वायरीवरून बोट फिरवत ते मागे मागे गेले आणि एका जागी थांबले. उंदराने वायर कुरतडली होती. शेजारी कांद्याची सालं आणि कापसाचे पुंजके साचले होते. त्यांनी वायर सोलून जोडली, कथलाचा डाग दिला, टेप गुंडाळली. गाडी चालू केल्यावर कान न लावता त्यांनी मडगार्डवर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. "आता बरी आहे," ते म्हणाले.

हात धुऊन आम्ही पायरीवर चहा घेत बसलो. ते म्हणाले, "तू संध्याकाळी आलीस की काहीतरी बोलतेस. ओठ हललेले दिसतात. मी हो म्हणतो."

"कधी कधी तेही म्हणत नाही."

"तेव्हा प्रश्न हो-नाहीचा नसावा असं वाटतं."

मला हसू आलं आणि रडूही. मी त्यांना सांगितलं, मी नोकरीत कायम झाले त्या दिवशी पेढे घेऊन आधी तुमच्याकडे आले होते, आणि तुम्ही म्हणालात, दुधाची पिशवी फ्रीजमध्ये ठेव.

त्यांनी कानाशी हात नेला. "काय झालीस?"

"कायम झाले, बाबा," मी शक्य तितक्या मोठ्याने म्हटलं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी वरूनच माझं अभिनंदन केलं. सासऱ्यांनी ओला हात पायजम्याला पुसून माझ्या डोक्यावर ठेवला. "मला वाटलं तू दूध आणलंस," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "हिला सांगू नकोस. उगाच काळजी करेल."

सासूबाई मागे दारातच उभ्या होत्या. "हिला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर घसा फोडते. लग्नाच्या वेळी माझा आवाज या सूनबाईहूनही बारीक होता, विचारा कुणालाही." मग कपबशा उचलून आत जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही स्वतःहून विषय काढाल म्हणून वाट बघत होते."

पुढच्याच आठवड्यात मी त्यांना कानाच्या तपासणीला नेलं. काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं होतं. तपासणाऱ्या बाई मला म्हणाल्या की बारीक, उंच आवाज त्यांना जवळजवळ येतच नाहीत. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "पास की नापास?" मी म्हटलं, "एटीकेटी." हेही मला दोनदा सांगावं लागलं, पण ते दोन्ही वेळा हसले.

यंत्र बसवून घेऊन परतताना द्वारका चौकात आम्ही नेहमीप्रमाणे अडकलो. चहूबाजूंनी हॉर्न. ते कपाळाला आठ्या घालून मागे, पुढे बघत राहिले.

"एवढं वाजवतात लोक?"

"रोजच."

त्यांनी काच वर केली. क्षणभर गाडीत शांतता झाली. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी काच पुन्हा अर्धी खाली घेतली आणि म्हणाले, "तू बोल काहीतरी. हळूच बोल."