देवांचा राहिलेला निरोप

माझं काम क्लाउडवर चालतं, म्हणजे ढगात, असं जव्हारात कुणाला सांगितलं की माणूस आधी आभाळाकडे बघतो आणि मग माझ्याकडे. परक्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणं हे पोटाचं काम. उरलेला वेळ मी एका मुक्त प्रकल्पाला देते. देशोदेशीची हौशी मंडळी मिळून लिनक्सवर एक आवाजांचं कोठार बांधतायत. त्यात लहान लहान बोली जमा करायच्या, म्हणजे उद्या संगणकालाही त्या कळतील. मालक कुणी नाही. कुणीही घ्यावं, बदलावं, पुढे वाटावं. या वाटण्याचा मला भारी अभिमान होता.

साखरशेतच्या धवलेरी मावशींचं गाणं मी त्यातच चढवलं. धवलेरी म्हणजे इकडच्या पाड्यांवर लग्न लावणारी बाई. भटजीचं काम तीच करते आणि तिची गाणी हेच मंत्र. मावशींना मी आधी विचारलं होतं. "घे ना. माझं थोडंच हाय ते?" म्हणून त्या परत तांदूळ निवडायला लागल्या. पाड्यावरच्या एका लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून मी त्यांचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोबाइलवर घेतलं. घरी येऊन सर्व्हरवर चढवलं. मोबाइल गच्च भरला होता, म्हणून तिथलं पुसून टाकलं.

पुढे एकदा लॅपटॉप घेऊन मावशींना ऐकवायला गेले. त्या मान डोलवत ऐकत होत्या. आवाज थांबला तरी त्या तशाच बसून राहिल्या.

"आन् पुढचं?" त्यांनी विचारलं.

पुढचं नव्हतंच. त्या गाण्यात मावशी आधी एकेका देवाला नाव घेऊन बोलावतात. मग गप्प होतात. देव येऊन टेकेपर्यंत मांडवात कुणी खोकतही नाही. त्यानंतर लग्न लागतं आणि शेवटी देवांना निरोप दिला जातो. आमच्या कोठाराच्या दारात एक छोटा प्रोग्राम बसवलेला होता. लोक रेकॉर्डिंग बंद करायला विसरतात आणि सर्व्हर फुकट भरतो, म्हणून कुणा भल्या माणसाने तो लिहिला होता. बराच वेळ शांतता आली की तो पुढचं कापून फेकायचा. त्या माणसाच्या देशात गाणं थांबलं म्हणजे संपलं, असं असेल.

"म्हणजे हे जिथं जिथं वाजलं तिथं माझं देव बोलावलं आन् तसंच उभं ठेवलं?" मावशी म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या घाबरल्या होत्या.

आमच्या सर्व्हरवरून मी ते गाणं लगेच काढलं. पण सुटलेला बाण परत येतो का? तोवर कितीतरी जणांनी प्रती घेतल्या होत्या आणि त्यांच्याकडून आणखी कुणी. मी पत्रं लिहीत सुटले. काहींनी पुसलं. काहींनी घेतलेली प्रत कुणीही ठेवू शकतो हे परवान्यातलं कलम अदबीने दाखवलं, आणि ते कलम खरंच होतं, मीच मान्य केलेलं. बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. प्रोग्रामची चूकही मी नोंदवली. ती झटक्यात दुरुस्त झाली आणि तक्रारीवर "बंद" असा शिक्का बसला. जगातल्या सगळ्या शांतता आता सुरक्षित आहेत, फक्त मावशींची तेवढी गेली. इतका संताप आला, आणि तो काढायचा कुणावर, तेच कळेना.

तशात त्याच पाड्यावर एक लग्न ठरलं आणि मावशींनी नाही म्हटलं. जुने देव उभे असताना नवे बोलवायचे कुठल्या तोंडाने, असं त्यांचं म्हणणं. नवरीची आई मला मोखाड्याच्या बाजारात भेटली. "दुसरी धवलेरी मिळंल गं," ती म्हणाली, "पण मग या म्हातारीला कोण बोलवील? तिचं गाणंच सुटंल. तूच कायतरी कर."

काय करणार? मी साखरशेतला गेले.

मावशींनी आपल्यापुरती वाट काढून ठेवली होती. राहिलेला निरोप अंगणात उभं राहून एकटीने म्हणता येतो, तशी रीत आहे. अंघोळ करून, सुपात तांदूळ आणि सुपारी घेऊन त्या तयार होत्या. नवरीची आईही आली होती. माझा जीव भांड्यात पडला.

"देव जिथं उभं हायत तिकडं तोंड करून म्हणायचं," मावशी म्हणाल्या. "कोणत्या अंगाला हायत?"

गाणं पहिल्यांदा चढवलं तो आमचा सर्व्हर मुंबईत, म्हणून मी तिकडे हात केला. मग जर्मनीतली प्रत आठवली. मग ब्राझीलची. मग ज्यांची मला नावंही माहीत नाहीत अशा सगळ्या. हात थोडा फिरला, अडला आणि खाली आला. मला रडू येत होतं.

मावशी सूप धरून उभ्या होत्या. गाण्यासाठी घेतलेला श्वास त्यांनी सोडून दिला.

"सांग ना पोरी," त्या म्हणाल्या. "ठेवलंस तर तूच ना?"